त्या खोलीत नेमकं काय होतं?

(१० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त प्रभाग संघाच्या सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. त्या दिवशी ज्यांना सोयाबीनच्या काढणीमुळे येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. मध्ये बायकांनी विचारलेले प्रश्नही ठेवले आहेत.)



तुम्ही मला मॅडम म्हणता. खरं तर तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या लेकीएवढी मी. पण आज मॅडम म्हणून बोलायचं नाहीये, कारण आधी मला एक जुना हिशोब चुकता करायचा आहे.

मागच्या वर्षी आषाढापासून दिवाळीपर्यंत मी वरच्या अंगाच्या पाच गावांमध्ये बैठकीला आलेच नाही. कधी म्हणाले गाडी चुकली. कधी म्हणाले ऑनलाइन मीटिंग आहे. एकदा तर चुलत्यांना अ‍ॅडमिट केलंय म्हणून सांगितलं. चुलते ठणठणीत होते, रानात होते. तुमच्या इतिवृत्तात 'मॅडम गैरहजर' असं लिहिलेलं मी नंतर वाचलं. एका गटाने तर पुढे कंसात 'पुन्हा' असंही लिहिलंय. बरोबर लिहिलंय. खरं कारण आज सांगते. मला एसटीत बसायची भीती वाटत होती.

हसा, मलाही आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

झालं असं की ज्येष्ठात एका संध्याकाळी मुक्कामी गाडीने परत येत होते. गर्दी होती, खिडकी उघडत नव्हती. एकदम छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या, घशाला कोरड, श्वास पुरेना. डोक्यात एकच, आपण आता मरतोय. कंडक्टरने गाडी थांबवली, दोन बायकांनी पदराने वारा घातला. तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल. रक्त तपासलं, तेही ठीक. टेन्शन घेऊ नका म्हणून घरी पाठवलं. टेन्शन कसं घ्यायचं नाही ते कोणी सांगितलं नाही.

आठवड्याने पुन्हा तसंच. मग मी गाडीत दारापाशीच बसायला लागले. पाण्याची बाटली हातात, गोळीची स्ट्रिप पर्समध्ये, आईला फोन चालू. मग लांबच्या गावांना जाणं टाळलं. मग जवळच्या. आईने दृष्ट काढली, अंगारा लावला. मी लावून घेतला, तिचा जीव तुटत होता. आणि गंमत बघा, मी एमएसडब्ल्यू झालेली. सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, यावर मी परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं. पण ते आपल्यासाठीही असतं हे डोक्यात यायला भाद्रपद उजाडला.

आज हे सांगायचं अजून एक कारण आहे. आपल्याच एका गटातली ताई, नाव गाव सांगणार नाही, तिला विचारूनच बोलतेय. तिची दुभती म्हैस मेली, कर्ज डोक्यावर, आणि ती हळूहळू घरातच बसली. बैठकीला नाही, रानात नाही, डोक्याला तेल नाही. आम्ही तिला मागे लागून जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. दोनदा गेली आणि बंद केलं. मला म्हणाली, "ती बाई काहीच सांगंना की. उलट मलाच इचारती. वही लिव्हा म्हणती. त्यापरीस घरी बसलेलं काय वाईट?"

चूक तिची नव्हती. आमची होती. आम्ही तिला गाडीचं वेळापत्रक सांगितलं, केसपेपर कुठे काढायचा ते सांगितलं, आणि आत गेल्यावर काय होणार हे सांगितलंच नाही. म्हणून आज तेवढंच सांगते.

पहिल्या दिवशी नुसते प्रश्न असतात. झोप कशी, भूक कशी, कशात मन लागत नाही, हे कधीपासून. मागच्या दोन आठवड्यांत असं किती दिवस वाटलं, हे मोजून विचारतात, नऊ प्रश्नांची एक यादीही बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यात एक प्रश्न असतो, मरून जावं असं वाटतं का? घाबरू नका, आणि खरं असेल ते सांगा. हा प्रश्न विचारल्याने तसा विचार मनात येतो, असं नाही. आधीच आलेला असेल तर बोलल्याने मोकळं वाटतं, आणि समोरच्यालाही कळतं की आधी काय सांभाळायचं आहे.

मग विचारतात, तुम्हाला यातून काय हवंय? ह्या प्रश्नाला मी अडकले. "बरं वाटायला हवंय" म्हटलं तर बाई म्हणाल्या, बरं वाटलं की तुम्ही काय कराल, जे आज करत नाही? मी म्हटलं, मंगळवारच्या बैठकीला एकटी जाईन. ते त्यांनी लिहून घेतलं. झालं, तेच आमचं ध्येय. नाहीतर 'बरं वाटणं' कधी आलं आणि कधी गेलं हे मोजणार कशावर?

तिथे दोन प्रकारची माणसं भेटतात. एक मनोविकारतज्ज्ञ, ते डॉक्टर असतात आणि औषध देऊ शकतात. दुसरे मानसशास्त्रज्ञ, ते औषध देत नाहीत, बोलून उपचार करतात. कोणाला गोळ्या लागतात, कोणाला नुसतं बोलणं पुरतं, कोणाला दोन्ही. ज्यांना भास होतात, कानात आवाज येतात, अशा आजारात औषध हाच मुख्य आधार असतो. आणि गोळ्या चालू असतील तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

ही पद्धत आली कुठून हेही थोडक्यात सांगते. अमेरिकेत अ‍ॅरन बेक नावाच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात आणि त्यांच्या थोडं आधी अल्बर्ट एलिस यांनी हा विचार मांडला. आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून तो मराठी माणसांपर्यंत आणला. म्हणजे अगदीच परकं नाही.

आता दुसऱ्या तिसऱ्या भेटीत काय होतं? तिथे मला आपल्या गटाची आठवण आली. बैठकीत कोणी म्हणालं की पेटीत पैसे कमी आहेत, तर आपण भांडतो का? भांडतो म्हणा कधी कधी. पण शेवटी काय करतो? रोकडवही काढतो. जमा किती, नावे किती, एकेक ओळ बघतो. कधी तोंडी हिशोब बरोबर निघतो, कधी चुकलेला. त्या खोलीत मनाच्या बोलण्याची वही अशीच काढतात.

एक प्रसंग घ्यायचा आणि त्याचे कप्पे करायचे. काय घडलं, तेव्हा मनात कोणतं वाक्य आलं, कसं वाटलं, अंगात काय झालं, आणि मग मी काय केलं. माझी पहिली नोंद अशी होती. घडलं काय? गाडी फाट्यावर थांबली. मनातलं वाक्य, आता चक्कर येऊन पडणार. वाटलं काय? भीती, शंभरपैकी नव्वद. अंगात धडधड. केलं काय? उतरले. बाईंनी विचारलं, आजवर अशा धडधडीत किती वेळा वाटलं की पडणार? मी म्हटलं तीस-चाळीस वेळा. आणि पडलात किती वेळा? एकदाही नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण असं मांडून कोणी समोर ठेवलं नव्हतं.

इथे एक गैरसमज होतो. बायकांना वाटतं, तिथे 'चांगला विचार करा' असं शिकवतात. तसं नाही. त्या म्हैस गेलेल्या ताईचं मन दोन वाक्यं बोलत होतं. एक, म्हैस गेली आणि कर्ज आहे. दुसरं, माझ्यामुळे गटाचं नाव खराब झालं, सगळ्या माझ्यावर थुंकतील. पहिलं वाक्य खरंच आहे, त्याला कोण खोडणार? तिथे मार्ग काढायचा असतो, हप्ते कसे पाडायचे, कोणाशी बोलायचं. दुसरं वाक्य तपासायचं असतं. आणि ते तपासायला दुसरीकडे जायला नको, आपलीच वही होती. चौदा हप्ते वेळेवर, दोन चुकलेले. गटाचं बँकेचं कर्ज कधीच थकलं नव्हतं.

(इथे एका मावशींनी विचारलं, "मला तर सही पण येत नाही, वही कुठून लिहू?")

मावशी, चांगलं विचारलंत. लिहिता येत नसेल तर पहिल्याच भेटीत सांगायचं, लाजायचं नाही. खुणा चालतात. मोबाइलवर बोलून ठेवलेलं चालतं. ती ताई आता काय करते सांगू? तिला उदासीनता आहे, तिच्यासाठी सुरुवात विचारांपासून केली नाही, कामापासून केली. रोज तीन ठरलेल्या गोष्टी. सकाळी आंघोळ आणि वेणीफणी, दुपारी जरा वेळ ओट्यावर बसणं, संध्याकाळी शेळीला चारा. एक केलं की डब्यात हरभऱ्याचा एक दाणा टाकायचा. मन लागलं म्हणून करायचं नाही, ठरलंय म्हणून करायचं. उदास माणूस म्हणतो, मन लागलं की करीन. इथे उलटं चालतं, आधी हात हलतात, मन मागून येतं. दर भेटीला ती डबा घेऊन जाते आणि दाणे मोजतात. पहिल्या आठवड्यात पाच दाणे होते. बाई रागावल्या नाहीत, विचारलं, हे पाच कसे जमले?

बरं, हे काही फक्त शिकल्यासवरल्या शहरी माणसांसाठी नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये याच जातीचा एक उपचार डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या तिथल्याच माणसांनी केला. सहा ते आठ बैठका, रोजच्या कामांवर भर. ज्यांना तो मिळाला त्यांची उदासी नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपेक्षा जास्त उतरली. २०१७ साली हे 'लॅन्सेट' या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आता घरचा अभ्यास. हा नसेल तर ही पद्धत अर्धीच. आठवड्यातला एक तास तिथे, बाकीचा आठवडा आपल्या घरात, आपल्या माणसांत. काम तिकडेच होतं. सरकारी दवाखान्यात तर पूर्ण तासही मिळेलच असं नाही, गर्दी असते. म्हणून दोन भेटींच्या मधलं काम अजून महत्त्वाचं.

माझा अभ्यास सांगते. बाईंनी आधी विचारून घेतलं की हृदयाच्या, दम्याच्या तपासण्या झाल्यात ना. मग खुर्चीत बसवून म्हणाल्या, एक मिनिट जोरजोरात श्वास घ्या, मीपण घेते. घेतला. हाताला मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, अगदी गाडीत व्हायचं तसंच. मी घाबरले. त्या शांत. दोन मिनिटांत सगळं ओसरलं. म्हणजे ज्याला मी मरण समजत होते ते जोरात घेतलेल्या श्वासानेसुद्धा होतं! त्या दिवशी मी परत येताना रडले, सुटल्यासारखं रडले. पण हे घरी आपल्या मनाने करायचं नाही हं, तपासणी झाल्यावर आणि जाणकारासमोरच.

मग पायऱ्या पाडल्या. पहिली पायरी, स्टँडवर उभ्या गाडीत दहा मिनिटं बसायचं. दुसरी, आईबरोबर एक थांबा. मग एकटीने एक थांबा. मग तालुका. मग दारापाशी नाही, मधल्या सीटवर. मग बाटलीशिवाय. बाटली सोडणं सगळ्यात अवघड गेलं, तुम्हाला खोटं वाटेल. प्रत्येक वेळी जाण्याआधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतं आणि किती खात्री आहे. आल्यावर लिहायचं, काय झालं. भीती चढते, खूप चढते, आणि आपण पळालो नाही तर आपोआप उतरते. पळालो तर मनाला वाटतं, पळाले म्हणून वाचले. पुढच्या वेळी ती अजून लवकर येते.

म्हणजे सुरुवातीला त्रास वाढतो. हे आधी माहीत असायला हवं. तिसऱ्या-चौथ्या भेटीला वाटतं, ह्यापेक्षा आपण बरे होतो. ती ताई तिथेच सुटली. मीही सुटले असते. आठव्या आठवड्यात मी मधल्याच फाट्यावर उतरले, भर उन्हात, चालत चार किलोमीटर घरी आले. पुढच्या भेटीला जायची लाज वाटली. गेले. बाई म्हणाल्या, उतरण्याच्या आधीच्या मिनिटाला मनात काय आलं? तो पूर्ण तास आम्ही त्या एका मिनिटावर घालवला. माझ्या मते सगळ्यात कामाची भेट तीच. माझ्या एकूण बारा झाल्या. कोणाच्या सहातच होतात, कोणाला वीस लागतात. जन्मभर जायचं नसतं. शेवटच्या भेटीत पुन्हा त्रास झाला तर काय करायचं, याचा कागद हातात देतात. माझा पर्समध्ये आहे, गोळीच्या स्ट्रिपच्या जागी.

(प्रश्न: "नवरा पिऊन मारतो. तिथे आमचे विचार तपासून काय होणार?")

ताई, तिथे तुमचे विचार तपासून काही होणार नाही, हे मी सरळ सांगते. मार खाणाऱ्या बाईला भीती वाटते, तो विचार चुकीचा नाही, बरोबर आहे. आधी सुरक्षितता. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२. आणि मी आहे, सीआरपी आहे. कोणी समुपदेशक तुम्हाला 'जरा समजून घ्या, विचार बदला' असं म्हणाला, तर उठून या. दुष्काळ, कर्ज, दारू यावर ही पद्धत औषध नाही. पण या सगळ्यात झोप उडाली, हातपाय गळाले, तर ते सावरायला ती कामाला येते. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत शिकलेली माणसंपण करतात.

(प्रश्न: "पोरगी लग्नाची आहे. कोणाला कळलं तर?")

हे सगळ्यांच्याच मनात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळण्याचा हक्क दिलाय, आणि माहिती गुप्त राहण्याचाही. तुम्ही जे बोलाल ते तुमच्या परवानगीशिवाय नवऱ्याला, सासूला सांगत नाहीत. अपवाद असतात, जसं कोणाच्या जिवाला धोका असेल तर. तो पहिल्या दिवशीच विचारून घ्या. समोरच्या माणसाचं शिक्षण काय, सीबीटी शिकलेत का, किती भेटी लागतील, हेही विचारा. बी-बियाणं घेताना आपण दहा प्रश्न विचारतो, इथे का लाजायचं? आणि एकाशी जुळलं नाही तर दुसऱ्याकडे जायची मुभा आहे.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. जायला जमत नसेल तर टेली-मानस, नंबर १४४१६. २०२२ च्या १० ऑक्टोबरलाच सुरू झाला, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मोबाइलमध्ये आत्ता टाका, शेजारणीलाही टाकून द्या. मी खोटी आशा दाखवत नाही, ही पद्धत नीट शिकलेली माणसं आपल्याकडे कमी आहेत, नंबर लागायला वेळ जातो. सीबीटी मागितली आणि नुसता उपदेश मिळाला, असंही होऊ शकतं. म्हणून तर आत काय व्हायला पाहिजे ते इतकं सविस्तर सांगितलं.

आता गटांना एक विनंती, आणि यावर पदाधिकाऱ्यांमध्ये दोन मतं आहेत हे मला माहीत आहे. त्या ताईला तिच्या गटाने गैरहजेरीचा दंड लावला. नियम आहे, बरोबर. पण बाळंतीण आली नाही तर आपण दंड लावत नाही ना? मग ही पण आजारीच होती. काहीजणी म्हणतील, मग सगळ्याच टेन्शन आहे म्हणून घरी बसतील. बसतील एखाद-दोघी. त्या एखाद-दोघींसाठी खरोखर आजारी बाईकडून दहा रुपये घ्यायचे का, हे ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत विषय म्हणून घ्या. मी ठरवून देणार नाही. आणि जाणारीला सोबत द्या. आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, एकीचा खर्च फार होत नाही. सोबतीने बाहेर बाकावर बसायचं, आत काय झालं ते विचारायचं नाही, येताना चहा पाजायचा.

ती ताई श्रावणात परत जायला लागली. या वेळी जाण्याआधी मी तिच्याजवळ बसून हेच सगळं सांगितलं. चार भेटी झाल्यात. पूर्ण बरी नाही. मागच्या आठवड्यात दाणे पुन्हा कमी झाले, तेरा होते ते आठ झाले. पण डबा घेऊन गेली.

आणि माझं म्हणाल तर पुढच्या मंगळवारी मी सकाळी साडेनऊच्या गाडीने जिल्ह्याला जाणार आहे. त्या ताईची पाचवी भेट आहे, आम्ही दोघी आहोत. अजून कोणाला यायचं असेल तर स्टँडवर पाण्याच्या टाकीपाशी थांबा. घरच्यांनी विचारलं तर फेडरेशनच्या कामाला चालले म्हणा, मी तशी नोंद करून ठेवते. मधल्या सीटा धरू, दारापाशी फार धूळ येते.